हात धरणारी

बाई,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायला मला आत्ता कुठे सवड मिळाली आहे. मी आता तुमच्याच वर्गावर आहे. सातपूरची तीच विशेष मुलांची शाळा, शेजारच्या कारखान्याच्या शेडला लागून असलेली तीच खोली, तीच दहा मुलं म्हणावीत इतकी सारखी दहा मुलं. मी आले तेव्हा बारावी पास होते आणि माझ्या कामाचं नाव मदतनीस होतं. मुलांना शी-शूला न्यायचं, भरवायचं, तोंडं पुसायची, आणि एखादं बिथरलं की धरून ठेवायचं. शिकवायचं तुम्ही आणि धरायचं मी, अशी आपली वाटणी होती. ती वाटणी मला बरी वाटायची हेही सांगून टाकते. मारणारा हात माझा नव्हता ना.

त्या मंगळवारी अकरा वाजलेत. शेजारच्या शेडमधलं प्रेस मशीन सुरू झालंय आणि भिंतीवरचे तक्ते थरथरतायत. निफाडहून कामासाठी इकडे आलेल्या घरातली ती अकरा वर्षांची मुलगी, बोलता न येणारी, भिंतीवर डोकं आपटायला लागते. तिसऱ्या दणक्याला कपाळ फुटतं. तुम्ही तिला मागे खेचता आणि ती तुमच्या हातात दात रोवते. तुम्ही जितका हात ओढता तितके दात खोल जातात. रक्त कोपरापर्यंत ओघळतं. कशीबशी सुटका होते आणि तुम्ही लाकडी पट्टी उचलता. पाठीवर, मांड्यांवर, एक फटका कानावर. "धर गं तिचे हात! बघत काय उभी राहिलीस?" मी धरते. दोन्ही मनगटं पाठीमागे घेऊन, सगळा जोर लावून धरते. ती अंग पिळवटते, मी आणखी आवळते, आणि माझ्या मुठीत काहीतरी कट्कन मोडतं. वाळकी काटकी मोडावी तसं. तुमची पट्टी हवेतच थांबली. बाकीची मुलं कोपऱ्यात एकमेकांवर चढून रडत होती. ती मुलगी मात्र रडली नाही. मान वळवून तिनं पाहिलं ते माझ्याकडे, तुमच्याकडे नाही.

साडेतीनला तिची आई न्यायला आली. "घसरगुंडीवरून पडली," तुम्ही म्हणालात. आवाज जरासुद्धा हलला नाही. आईनं सुजलेला हात पाहिला, कपाळ पाहिलं, आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही व्हता ना तिथं? कशी काय पडली?" मी म्हणाले, "हो, होते. वर चढली आणि तोल गेला." तोल गेला हे माझं, बाई. तुम्ही तेवढं सांगितलं नव्हतं. प्लास्टर घातल्यावर ती मुलगी शाळेत आलीच नाही.

पुढच्या आठवड्यात मी खिचडीचं पातेलं घासत होते, तुम्ही बांधलेला हात घेऊन मोरीपाशी आलात. मला वाटलं, तोंड बंद ठेव म्हणून सांगायला आलात. तुम्ही म्हणालात, "तुला धरता येत नाही."

मी उसळले. "आणि तुम्हाला मारता येतं?"

असं मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते. तुम्ही नळ बंद केलात. मग म्हणालात, "मला मारण्याशिवाय दुसरं काही येत नाही. चार महिन्यांचं शिक्षण देऊन मला या वर्गात उभं केलं, त्याला वीस वर्षं झाली. तू असं करू नकोस. मुक्त विद्यापीठातून बी.ए. कर, मग विशेष शिक्षणाचं बी.एड. कर, शिक्षिका म्हणून नोंदणी कर. नाहीतर जन्मभर कोणी सांगेल त्याचे हात धरत राहशील." आणि ओल्या ओट्यावर तुम्ही प्रवेशाचा अर्ज ठेवलात. माझं नाव तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं. तो मी फाडायला हवा होता का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तीन वर्षं शाळा सांभाळून बी.ए. केलं. शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. पुढे बी.एड.ला पहिल्याच महिन्यात एका सरांनी शिकवलं, मूल चावलं की हात ओढायचा नाही, उलट हलकेच तोंडाच्या दिशेनं ढकलायचा, जबडा आपोआप सैल होतो. वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. एवढंच होतं, बाई. हात पुढे ढकलायचा. नंतर त्यांनी एका मुलाची नोंद लिहायला सांगितली: आधी काय झालं, मुलानं काय केलं, मग काय झालं. मी आठवणीतून तिची लिहिली. सोमवारी अकरा, मंगळवारी अकरा, डोकं आपटणं नेहमी अकराला. ते मशीन सुरू झालं की तिचं डोकं फुटत होतं, म्हणून ती ते भिंतीवर फोडत होती. आपण दोघी रोज ते मशीन ऐकत होतो.

गेल्या डिसेंबरात वर्गातल्या एका मुलीनं मला डोक्यानं धडक दिली. पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. माझी मदतनीस, नवी पोरगी, बाह्या सरसावून धावली. "मॅडम, धरू का?" मी "नको, लांब हो" एवढंच ओरडू शकले. मुलगी दहा मिनिटांत आपोआप शांत झाली. संध्याकाळी मी चौकशी केली, मनगट मोडलेल्या त्या मुलीचं घर कधीच गावी परतलं होतं. त्या रविवारी मी निफाडला गेले.

पत्ता शोधायला दुपार झाली. द्राक्षबागेच्या कडेला दोन खोल्या. ती ओसरीत बसली होती, आता तेवीस वर्षांची बाई. मला पाहिलं आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आपणहून. आईनं मला ओळखलं, चहा टाकला, "लय दिसांनी ताई," म्हणाली. मी चहा घेतला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी, मनगट, घसरगुंडी, तोल गेला ते.

आईनं माझ्या कानाखाली वाजवली. मग दुसरी. तुटका दात ओठात घुसला. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यांदा तिचा हात उठला आणि तिथंच थांबला.

"मी तिला वरीसभर बडवलं," ती म्हणाली. "कशाला चढलीस म्हणून. हात मोडून घेतलास, आता कामाला बी नाय येनार म्हणून. चुलीतल्या लाकडानं मारलं, ताई. तिला सांगता येत नव्हतं, आन् तुम्हाला येत व्हतं."

मग ती लेकीपाशी गेली, तिचे हात पुढे ओढून घेतले आणि त्यांवर कपाळ टेकवून ओरडून रडली. मला जा असंही कोणी म्हटलं नाही. मीच निघाले.

आल्यावर मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. माझं नाव घातलं, तुमचंही घातलं. चौकशी होईल, कदाचित नोंदणीही जाईल. तुमच्या मुलीनं फोनवर मला कृतघ्न म्हटलं. असेनही. तुमचं नाव वाचवायची इच्छा एकदाही झाली नाही, आणि लिहिताना रडू मात्र तुमच्यासाठी आलं. या दोन्हींचा मेळ मला लावता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक क्षुल्लक गोष्टही लिहून टाकते. तुमच्या दहाव्याला सगळी शाळा रामकुंडावर आली होती. मी परीक्षेचं कारण सांगितलं. त्या दिवशी परीक्षा नव्हती. मी घरात बसून होते आणि मला बरं वाटत होतं.