शेवटच्या हत्तीबाबत माझा निकाल

मी, रामकिसन कारभारी गायके, ओळखीच्यांत तात्यासाहेब, वय सहासष्ट, मूळचा गंगापूरचा, हल्ली राहणार औरंगपुरा, औरंगाबाद, पूर्वीचा धंदा वकिली, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळे अधू आहेत. ज्या चष्म्यातून मी ही अक्षरे पाहतो तो मजीद हुसेन याच्या शहागंजातील दुकानचा असून तो नंबर अचूक काढतो, हे नाइलाजाने नमूद करतो. त्याच्या अन्य कोणत्याही विधानाची हमी हे मृत्युपत्र देत नाही.

पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्याच्या पाचव्या कलमात मी असे लिहिले होते की, माझ्या पश्चात माझ्या ओट्यावरील बैठकीत मजीदचे नाव कोणीही घेऊ नये. नकोशा झालेल्या बादशहाला रोममध्ये मरणानंतर ही शिक्षा होई: पुतळ्याचे तोंड फोडावे, शिलालेखातून नाव खरवडून काढावे. परंतु ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याचे नाव त्या कलमात मला पुन्हा पुन्हा लिहावे लागले. जो मसुदा स्वतःविरुद्धच साक्ष देतो तो टिकत नाही.

कलम १. राहते घर, गंगापूरच्या शेतातील माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी आशाबाई हिला द्यावी. अट एकच. अंगणातील कोरडा हौद बुजवू नये. जावईबापूंना तेथे स्कूटर लावण्याची इच्छा आहे, हे मला ठाऊक आहे. स्कूटर रस्त्यावर लावावी.

कलम २. हौदाच्या अटीचे कारण देणे मला प्राप्त आहे, कारण विनाकारण घातलेली अट न्यायालय मानते, पण मुलगी मानत नाही.

पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत कचेऱ्या बंद होत्या आणि मजीदचे दुकानही. तो माझ्या घरी येऊन राहिला. आम्ही एकाच शाळेत, उर्दूतून, रोमचा इतिहास शिकलो होतो. निजामाबद्दल बोलावे तर त्याला त्रास, दिल्लीबद्दल बोलावे तर दोघांनाही जपून बोलावे लागे. ज्याच्या पतनाविषयी कोणालाही न भिता बोलता येईल असे राज्य आम्हाला रोमचेच सापडले. पुढे दिवस निवळले, मजीद घरी गेला, पण बैठक राहिली. कडूबा, जो कोर्टात बेलीफ होता, तो येऊ लागला. माझा कनिष्ठ वकील कय्युम येऊ लागला.

हौदाच्या मधोमध कारंज्याचा दगडी चौथरा आहे. नहरीचे पाणी आटल्यापासून तो नुसताच उभा आहे. ऑगस्टस बादशहाने पोटच्या मुलीला बेटावर हद्दपार केले होते. त्या आधारे मी नियम केला की, इतिहासात चूक करणाऱ्याने ती संध्याकाळ त्या चौथऱ्यावर बसून काढावी. ऐकावे, बोलू नये. त्या जागेला आम्ही बेट म्हणतो. चूक ठरवणारा मी, कारण रोमच्या इतिहासाचे सहा इंग्रजी खंड माझ्याकडे होते आणि ओट्यावरील वेताची खुर्चीही.

बेटावर सर्वाधिक वेळा मजीद गेला. बापाचा खून करणाऱ्यास कुत्रा, कोंबडा, साप व माकड यांच्यासह गोणीत शिवून पाण्यात टाकीत. मजीदने गोणीत मांजरही घातले.

"मांजर कशाला?" मी विचारले.

"साप शांत बैठा तो मजा क्या, वकीलसाब? कोणीतरी भांडण लावायला पायजे ना!"

"पर मजीदभाई, माकड आणायचं कुठून?" कडूबा म्हणाला. "वेरूळवरून?"

सगळे हसले. दाराआडून माझी पत्नी मनकर्णाबाई हसली. ती माझ्या कोणत्याही विधानावर हसलेली मला आठवत नाही. विधाने हसण्यासाठी नसतात, हे मान्य. तरीही नोंद असावी.

कलम ३. ज्या प्रसंगानंतर मी पूर्वीच्या मृत्युपत्रातील ते पाचवे कलम लिहिले तो असा. व्हॅलेरियन हा रोमचा बादशहा इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. शापूर त्याच्या पाठीवर पाय देऊन घोड्यावर चढे, हे सांगताना मजीद स्वतः ओणवा झाला आणि कडूबाला म्हणाला, "चढ रे, शहेनशाह!" कडूबा चढला. मी खंड उघडून दाखवले की ही कथा पुढच्या काळातील द्वेष्ट्यांची आहे. इराणी शिल्पांत शापूरने बंदिवानाचे नुसते मनगट धरले आहे. मजीद मुकाट्याने बेटावर गेला. पाठोपाठ कडूबा आपला कप घेऊन उठला आणि हौदाच्या काठावर जाऊन बसला. नंतर कय्युम. नंतर उरलेले सर्व. मजीद नियमाप्रमाणे एक शब्दही बोलला नाही. हातवारे करून त्याने उरलेली लढाई दाखवली. मी ओट्यावर खुर्चीत, मांडीवर उघडा खंड. हद्दपार म्हणजे लोकांपासून तोडलेला, ही व्याख्या घेतली तर त्या संध्याकाळी हद्दपार कोण होते, हा प्रश्न मी अनेकदा तपासला आहे. उत्तर दरवेळी एकच येते.

कलम ४. सहाही खंड आणि वेताची खुर्ची मजीद हुसेन यास द्यावी.

याला कोणी औदार्य म्हणू नये. खुर्चीत बसणाऱ्याने गोष्ट सांगायची नाही, फक्त इतरांची तपासायची, हा बैठकीचा नियम आहे आणि तो मी आयुष्यभर पाळला. आता तो त्याने पाळावा. लोक दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहत असताना पान शोधत बसणे म्हणजे काय, ते त्याला कळावे, अशी माझी इच्छा आहे आणि ती मी लपवत नाही.

कलम ५. या नियमास एक अपवाद ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात मनकर्णाबाई अंथरुणाला खिळली. एके दुपारी ती म्हणाली, "अहो, मजीदभाऊंना बोलवा ना. हत्तींचं ऐकायचंय."

हॅनिबलने हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले व रोमवर चाल केली, ती हकीकत. मी म्हणालो, "हत्तींचे मीही सांगू शकतो."

"तुम्ही सांगता. पण तुमचे हत्ती लई लवकर मरतात."

मी मजीदला बोलावले. तो उशाशी स्टुलावर बसला. नदीवर तराफे बांधून त्यांवर माती पसरली, म्हणजे हत्तींना पाणी कळू नये. येथवर बरोबर होते. पुढे बर्फात हत्ती मरू लागले तेव्हा तिने विचारले, "सगळेच मेले का वो, भाऊ?"

"नाय, वहिनी. एक राहिला. हॅनिबल त्याला जहाजात घालून घरी घेऊन गेला."

"घरी गेला? मग खायला काय घातलं त्याला?"

"ऊस. गंगापूरचा."

ती हसली. ती माहेरची गंगापूरचीच. मी पायथ्याशी उभा होतो. एक हत्ती उरला, हे खरे. तो घरी पोहोचल्याचा कोठेही पुरावा नाही. मी खंड आणायला गेलो नाही. त्यानंतर अखेरपर्यंत तिने कोणाकडे कोणतीच गोष्ट मागितली नाही, आणि तिने शेवटची मागितलेली गोष्ट त्याची होती, माझी नव्हती.

बाहेर पडताना मजीद म्हणाला, "तात्या, चूक झाली. जातो." आणि आपण होऊन बेटावर जाऊन बसला. मी निकाल दिला नाही. ते प्रकरण आजवर प्रलंबित आहे. ते येथे निकालात काढतो.

माझ्या दिवसांचे विधी आटोपल्यावर पहिल्या बैठकीत मजीदने खुर्चीत बसूनच हत्तींची गोष्ट सांगावी. त्या दिवशी खंड कपाटात असावेत. कोणी त्यास अडवू नये, कय्युमनेसुद्धा नाही. शेवटचा हत्ती घरी पोहोचला, हे विधान या बैठकीपुरते सिद्ध धरावे.

ऊस गंगापूरचा होता, यावर मात्र माझी हरकत नोंदवून ठेवावी.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली आहे. आज सीझर मारला गेला तीच तारीख आहे. हा योगायोग आहे. मजीदने त्यावर काही रचू नये.

रामकिसन कारभारी गायके

साक्षीदार, ज्यांनी लिहिणाऱ्यास सही करताना पाहिले व त्याच्यासमक्ष आपल्या सह्या केल्या:
१. कय्युम अन्सारी, वकील, राहणार शहागंज
२. कडूबा फकिरा म्हस्के, निवृत्त बेलीफ, राहणार औरंगपुरा

मुक्काम औरंगाबाद, १५ मार्च १९६८