अशोकची सव्वा मूठ

अहो,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी आबांना वाचून दाखवावं लागे. सासऱ्यांसमोर सून काय वाचणार? पाऊसपाणी, पिकं, सगळे खुशाल. हे पत्र कोणाला वाचून दाखवायचं नाही आणि टपालातही टाकायचं नाही, म्हणून आज जरा तोंड सोडते.

डोकं तापलंय माझं. श्रावणातल्या कानबाईच्या पूजेसाठी वाण्याकडून गूळ आणला. पुडीचा कागद चुलीत घालायच्या आधी सवयीने वाचला. जुना पेपर होता. त्यात छापलंय की विलायतेत आणि तिकडच्या आजूबाजूच्या देशांत मुलं जन्माला येणंच कमी झालंय. शाळांचे वर्ग ओस पडताहेत, पुढे कामाला माणसं कुठून आणायची याची तिथल्या मोठ्या लोकांना काळजी लागलीय. आणि त्याच बातमीच्या खाली, बाहेरच्या माणसांना आत घ्यायचे कायदे आणखी आवळणार म्हणून! पेपरवाल्याने वर कौतुक केलंय त्यांच्या छोट्या कुटुंबांचं. सध्या इथे तेच कौतुक चाललंय.

मला आधी हसू आलं, मग रडू कोसळलं. एकच पोरगं आत घ्या म्हणत होतो ना आपण त्यांना? आयतं, आठ वर्षांचं, धडधाकट. तेवढंही जड झालं?

तुम्हाला आठवतं, तुमची पहिली पत्रं कशी असायची? इथे सोनगीरला स्टीलची भांडी आली, तांब्या-पितळेला गिऱ्हाईक राहिलं नाही, तुमच्या हातातला हातोडा गप्प बसला. कोणीतरी सांगितलं की विलायतेत धातूकाम जाणणारी माणसं घेताहेत. तुम्ही दसऱ्याच्या आधी गेलात. मला दिवस गेलेत हे तुम्ही बोटीत असताना कळलं.

आणि काम मिळालं ते बाबागाड्यांच्या कारखान्यात! आबांनी गावभर सांगितलं. तुम्ही लिहिलं होतं, 'इथे इतकी मुलं होतात की गाड्या पुरत नाहीत, रविवारीसुद्धा बोलावतात.' मी उत्तरात लिहिलं, आपल्यालाही अखाजीच्या सणाला मुलगा झालाय, कधीतरी त्यालाही बघायला या. ती ओळ ऐकताना आबा खोकले होते.

तुम्ही का आला नाहीत हो? पहिली दोन वर्षं समजू शकते. पुढे म्हणालात, येण्याजाण्यात पैसा घालवण्यापेक्षा तुम्हा दोघांनाच इकडे बोलावतो. खोली बघितलीय, जवळ शाळा आहे, शाळेत वाटेल तेवढी जागा आहे. अशोक तेव्हापासून गावात सांगत फिरायचा की मी दादांच्या गावच्या शाळेत जाणार. तुमच्या त्या गावाचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही, त्याला यायचं.

दुष्काळाच्या वर्षी आम्हाला विलायत सरकारच्या मुंबईतल्या कचेरीत बोलावणं आलं. आबा, मी आणि अशोक. आबांनी नवी टोपी घातली होती. अशोकला मी तुम्ही पाठवलेला निळा स्वेटर घातला. घामाने भिजला, पण काढू दिला नाही मी त्याला! साहेब गोरा होता आणि शेजारी एक मराठी दुभाषा. आधी सगळं बरं चाललं होतं. साहेबाने अशोककडे बघून हसून मानही हलवली.

मग त्याने शाळेचा दाखला हातात घेतला.

दाखल्यावर जन्मतारीख काय होती, तुम्हाला नंतर कळलंच. एक जून. गावातल्या निम्म्या पोरांची तीच असते, मास्तर लावतात ती. आपल्याकडे अखाजीला झालेलं पोर म्हटलं की वैशाखातलं, हे सगळ्यांना कळतं, ते कागदावर कोण लिहितंय? पण एवढ्यावर भागलं नव्हतं. अशोकला शाळेत घालायला आबा गेले होते. मास्तरांना म्हणाले, "मास्तर, एक वरीस कमी लावा. पुढे नवकरीले काममा यी." घरी येऊन त्यांनी ते मोठ्या हुशारीने सांगितलं आणि आम्ही सगळे खूश झालो. नातवावर जीव होता त्यांचा, म्हणूनच केलं.

दुभाषा माझ्याकडे न बघता बोलला, "बाई, साहेब विचारतात, तुमचे यजमान इंग्लंडला पोचून दीड वर्षाच्या वर झालं होतं. मग हा मुलगा या तारखेला कसा जन्मला?"

काय वाटलं असेल मला? आबा उठून उभे राहिले. तारीख खोटी आहे, आपणच कमी लावली, वय एक वर्षाने जास्त आहे, असं हात जोडून सांगू लागले. दुभाष्याने ते साहेबाला सांगितलं. साहेब काही रागावला नाही. तो शांतपणे म्हणाला, म्हणजे तुम्ही दिलेला कागद खोटा आहे असं तुम्हीच सांगताय. आणि त्याने लिहून घेतलं. अशोक सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "आई, मी कसा जन्मलो, असं का विचारत होते?"

नकाराचं पत्र आलं तेव्हा ते मास्तरांकडून वाचून घ्यावं लागलं, इंग्रजीत होतं ना. हा मुलगा अर्जदाराचाच आहे अशी खात्री पटत नाही. मास्तरांनी दारात उभं राहून वाचलं आणि संध्याकाळपर्यंत पांदीपासून किल्ल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. मास्तर वाईट माणूस नाही हो. पण अशी गोष्ट पोटात राहत नाही कोणाच्या.

आता तुमच्याबद्दल बोलते. रागावू नका.

मी लगेच तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर नेहमीपेक्षा खूप उशिरा आलं. त्यात लिहिलं होतं, 'वकिलाकडे गेलो होतो. अशोक नेमका कधी जन्मला ते नक्की कळव.'

नक्की! तो एक शब्द मी किती वेळा वाचला असेल! वकिलाने विचारलं म्हणून तुम्ही विचारलंत, अर्जात लिहायचं म्हणून विचारलंत, असं मी स्वतःला सांगत आले. भाकरी थापताना सांगितलं, पाणी भरताना सांगितलं. पण तुम्ही एक ओळ जास्त लिहिली असतीत तर काय बिघडलं असतं? 'मला ठाऊक आहे, पण वकिलाला हवंय.' एवढंच. मी उत्तर दिलं, अखाजीला, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच अखाजीला, सकाळी. आबांनी ते वाचून घेतलं आणि पहिल्यांदाच काही सुधारणा सांगितली नाही.

त्या श्रावणात नारायणभाऊंनी अशोकची मूठ काढली नाही.

तुम्ही इतकी वर्षं बाहेर राहिलात, पण कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू विसरला नसाल. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ निघते. बाहेरच्याला त्या रोटाचा तुकडा मिळत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. तुम्ही सातासमुद्रापलीकडे, तरी तुमची मूठ दर साली निघायची. नारायणभाऊ, तुमचे थोरले भाऊ, नाव घेऊन गहू सुपात टाकायचे. आबांचं नाव, मग स्वतःचं, मग तुमचं, मग पोरांची.

त्या साली त्यांनी आपल्या चारही पोरांची नावं घेतली आणि कणगीवर झाकण ठेवलं. अशोक सुपाजवळ उकिडवा बसला होता.

"आबा, मन्ही मूठ?"

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ, पुढला साल दखूत."

मी पदर सारून पुढे झाले. आजवर त्यांच्यापुढे कधी आवाज केला नव्हता. म्हटलं, "आबा, तुम्हले बठ्ठं माहीत शे. तुम्ही काबर बोलतस नई?"

नारायणभाऊच बोलले, "सरकारनीच सांगी दिधं ना, पोऱ्या आपला नई. मंग मूठ कसानी?"

कुठलं सरकार, कुठली कानबाई! ज्या साहेबाला सोनगीर कुठे आहे ते माहीत नाही, त्याचं म्हणणं आमच्या देवघरात येऊन बसलं. तुम्ही तिकडे दाराबाहेर थांबलेल्या पोराला आत घ्या म्हणून अर्ज करत होतात, आणि इकडे ते पोर आपल्याच घरात दाराबाहेर उभं राहिलं. हे मी तुम्हाला कळवलं नाही. आबांना वाचून दाखवावं लागलं असतं ना.

पुढच्या साली पुन्हा तेच. अशोकने विचारलंही नाही, तो आधीच मळ्यात निघून गेला.

तुमची पत्रं तोवर लहान होत चालली होती. बाबागाड्यांना मागणी नाही, आठवड्यात तीनच दिवस काम. लोक म्हणतात एवढ्यात मूल नको. बागेत म्हातारी माणसं आणि कुत्री. उरलेल्या दिवसांत धातूच्या ओतशाळेत जातो, तिथला धूर छातीला बाधतो. शेवटच्या पत्रात होतं, 'अर्जाचं काही खरं नाही. येत्या श्रावणात मीच येतो. कानबाईला अशोकला मांडीवर घेऊन बसतो, मग बघू कोण काय बोलतं.' म्हणजे मुठीचं तुम्हाला कळलं होतं! कोणी कळवलं? आबांनी? आबांनीच कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार. ते मला आजही सांगत नाहीत.

अकरा वर्षांचं पोर मांडीवर मावलं नसतं. पण तुम्ही यायला हवं होतंत.

श्रावणाआधीच तुमच्या खोलीतल्या पंजाबी भाऊंचं हिंदीतलं पत्र आलं. छाती भरली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. अग्नी त्यांनीच दिला म्हणे. अस्थी आल्या त्या मुडावदला, पांझरा-तापीच्या संगमावर सोडल्या. मडकं नारायणभाऊंच्या हातात होतं. अशोक गुडघाभर पाण्यात मागे उभा होता. त्याला पुढे हो, असं कोणीही म्हणालं नाही. मी म्हणणार, तर बायकांना काठावरच थांबवलं होतं.

सुतकामुळे त्या साली कानबाई बसली नाही. यंदा बसणार आहे, येत्या रविवारी.

आणि मधल्या काळात इथेही काय सुरू झालंय, तुम्हाला पटणार नाही. जीपगाड्या फिरताहेत. ज्याची मुलं तीनच्या वर गेली त्याला धरून नेतात आणि नसबंदीचं ऑपरेशन करून सोडतात. नारायणभाऊ धुळ्याच्या बाजारात गेले होते, तिथूनच कॅम्पात नेलं. घरी आणलं तेव्हा तोंडावर पांढरट छटा होती. जखम चिघळली, अजून धड बसता येत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. वाईट वाटलं मला त्यांचं, खरंच वाटलं. ग्रामसेवक आपल्या दारातही आला होता. मी म्हटलं, विधवा आहे, एकच मुलगा. त्याने वहीत न बघताच पान उलटलं. तिकडच्या सरकारला मुलं कमी पडताहेत, इकडच्या सरकारला जास्त झालीत. माझा अशोक दोघांच्याही कामाचा नाही!

काल नारायणभाऊंनी मला बोलावलं. वाकता येत नाही, म्हणून यंदा गहू मी काढायचे. पुढे म्हणाले, "पन त्या पोऱ्यानी नई. त्याना दादा ऱ्हातात तर गोष्ट येगळी व्हती."

दादा म्हणजे तुम्ही. तुम्ही असतात तर. तुम्ही नाही, म्हणून आता ते कायमचं ठरलं, असं त्यांचं म्हणणं. आबा खाटेवर बसून ऐकत होते. कान चांगले आहेत त्यांचे अजून. थोड्या वेळाने मला म्हणाले, "चूक मन्ही शे." हे त्यांनी मलाच सांगितलं, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना नाही.

अशोक बारा वर्षांचा झालाय. तुमच्यासारखंच डाव्या हाताने काम करतो. आता तो विलायतेचं नाव काढत नाही आणि रोटांचंही नाही. हल्ली मला आई म्हणून हाक मारायच्या आधी क्षणभर थांबतो, ते मात्र मला सहन होत नाही.

म्हणून ठरवलंय. रविवारच्या रोटांसाठी आदल्या दिवशी, शनिवारी, कणगीत माझा हात असेल. आबांची मूठ काढीन, नारायणभाऊंची काढीन, त्यांच्या चारही पोरांची काढीन. मग अशोकची काढीन. गहू टाकताना नाव मोठ्याने घ्यावं लागतं, बापाच्या नावासकट. आजवर तुमचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर घेईन. नारायणभाऊंनी सूप लाथाडलं तर जमिनीवरचे गहू गोळा करून पुन्हा टाकीन. रोट कोणी खाल्ले नाहीत तर आम्ही दोघं खाऊ.

हे वचन आहे माझं. दुसरं काही तुमच्यासाठी करणं आता माझ्या हातात नाही. मेलेल्या माणसाची मूठ काढत नाहीत. इतकी वर्षं तुम्ही नसताना ती निघत होती, शनिवारी पहिल्यांदा निघणार नाही. अशोकला आत घ्यायचं म्हणजे त्याच सुपात तुम्हाला सोडायचं. तेवढं मला माझ्याच हाताने करावं लागणार आहे.

तुमची,
सिंधू