काढलेली बटणे शुक्रवारपर्यंत परत बसवणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
पंचगंगाकाठ विद्यापीठ, कोल्हापूर.

दिनांक : २५ जून २०२५

विषय : गूळ तंत्रज्ञान पदविकेच्या पानावर 'अर्ज भरा' व 'फोन लावा' ही बटणे पुन्हा बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : बटणे काढल्याचे संकेतस्थळ समितीचे दि. १६ जूनचे पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार यशराज गुंडू चौगले हा विद्यापीठाच्या संकेतस्थळ कक्षात कनिष्ठ लिपिक आहे. गूळ पदविकेच्या पानावर विभागाचा इतिहास, उद्दिष्टे आणि उद्घाटनाचे सात फोटो होते. प्रवेश कुठून घ्यायचा, एवढेच नव्हते. ऑनलाइन फॉर्म तयार होता, पण तिथवर जायची वाट कुणी केलीच नव्हती. वीस प्रवेश न झाल्यास यंदापासून पदविका बंद, असे ठरल्यामुळे अर्जदाराने मे महिन्यात तिथे दोन ठसठशीत हिरवी बटणे बसवली.

२. रस्त्याच्या खोदाईत विभागाचा फोन बंद पडल्याने अर्जदाराने दुसऱ्या बटणाला आपल्या घरचा मोबाइल क्रमांक जोडला. ही चूक अर्जदारास मान्य आहे. फोन येऊ लागले आणि ते उचलले अर्जदाराच्या आईने, बनाबाईंनी. त्यांनी तीस वर्षे घरचे गुऱ्हाळ सांभाळले आहे. काकवी कधी उतरवावी इथपासून वसतिगृहात खोली कुठल्या बाजूची मागावी इथपर्यंत त्यांनी सगळे सांगितले आणि प्रत्येक फोन "या की पावणं, फॉर्म भरा आणि या," असे म्हणूनच ठेवला. कळंबा, जयसिंगपूर, पन्हाळा इकडून महिन्याभरात एकोणीस अर्ज आले. गेल्या वर्षी सहा होते. अर्जदाराला झालेला आनंद कार्यालयीन भाषेत बसत नाही.

३. दि. १३ जून रोजी समितीच्या मा. अध्यक्षांनी तपासणीसाठी फोनचे बटण दाबले. बनाबाईंनी पहिल्याच दमात बारावी झाली आहे का, असे विचारले. आपण समितीचे अध्यक्ष आहोत, असे साहेबांनी सांगताच "असू दे की! बारावी झालीया न्हवं? मग भरा फॉर्म, त्यात लाजायचं काय हाय?" असे उत्तर मिळाले. साहेब डॉक्टरेट आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी फरक पडला नसता. सोमवारी बटणे गेली.

४. आता पानावर "इच्छुकांनी विहित मार्गाने अर्ज करावा" असे वाक्य आहे. विहित मार्ग म्हणजे ऑनलाइन फॉर्म, आणि फॉर्मचा मार्ग म्हणजे तेच बटण. नऊ दिवसांत एकही अर्ज नाही. शुक्रवारी, २७ जूनला, सायंकाळी पाचला मुदत संपते. एका अर्जावाचून एकोणीस जण घरी बसतील, याचे अर्जदारास मनापासून वाईट वाटते.

५. विसावा अर्ज मात्र तयार आहे. काल बनाबाईंनी (वय ५८) घरी जाहीर केले, "समद्यांस्नी या म्हटलं, आता मलाबी यायचं हाय." पदविकेला वयाची अट नाही. अर्जदाराने फॉर्मचा थेट पत्ता देऊ केला, तेव्हा "एकोणीस जण पुढच्या दारानं आली, मी काय मागनं येऊ व्हय?" म्हणून त्यांनी मोबाइल परत केला.

तरी बटणे शुक्रवारपूर्वी बसवू द्यावीत. समितीस हिरवा रंग खटकत असल्यास करडा चालेल. 'फोन लावा'ला मात्र यापुढे समितीचाच क्रमांक जोडावा, कारण अर्जदाराच्या घरी फोन उचलायला कोणी नसेल. आई वर्गात असेल.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
यशराज गुंडू चौगले
कनिष्ठ लिपिक, संकेतस्थळ कक्ष

सोबत : १) एकोणीस अर्जांची यादी. २) बनाबाई गुंडू चौगले यांचे बारावीचे गुणपत्रक, सन १९८५.