वखारीकडची खिडकी

आपल्या घरात नातू जन्मला ते साल, वैशाख वद्य पंचमी, सकाळ.

चि. सौ. चंदनास आप्पांचा आशीर्वाद.

तू शिकवलेल्या अक्षरांत ही माझी पहिलीच चिठ्ठी. माहेरची गाडी दारात थांबली की बाळाला घेऊन आधी तुझ्या खोलीत जा. वखारीकडच्या खिडकीला मी पडदा लावलाय. तुझ्या सासूची दोन मऊ लुगडी एकावर एक टाचली आणि बैलांच्या जुन्या साजातल्या पितळी कड्या बांबूत ओवल्या. विकत आणला तो फक्त दोरा. ओढून बघ, कसा सरसर पळतो.

वखारीत तंबाखू चाळायला लागले की पडदा ओढून त्यावर पाणी शिंपड. धूळ ओल्या कापडावरच बसेल. पोराला छातीभर श्वास घेऊ दे.

शेजारचा भरमू म्हणाला, "आप्पा, म्हातारपणी शिंपी झालासा व्हय?"

म्हटलं, "तूबी हो की, बायको हाय तवर."

दाराच्या पडद्याला कापड कमी पडलं, ते आणायला बाजारात गेलोय.

तुझी सासू पद्मावती आठ वर्षं पडदा मागत होती. मी म्हणायचो, पडदे साहेबांच्या बंगल्यात असतात. ती त्याच धुळीच्या खोकल्यानं १९३८ च्या माघात गेली.