सतरा जणी सहमत

हिवरखेड

प्रिय पार्बता,

तिवस्याला लेकीकडे जाऊन तुला महिना झाला. फोन करत नाही, कारण आजकाल मोबाईल हातात घेतला की किळस येते. म्हणून चक्क कागद घेऊन बसलेय.

तू गेलीस तेव्हा तुला एवढंच कळलं होतं, की आपल्या बायकांच्या गटाने अ‍ॅपवर मत घेतलं, सतरा जणी सहमत झाल्या, आणि अकोल्याच्या बाजारात गटाचा भाजीपाला विकायचं तुझं अकरा वर्षांचं काम वर्षालीच्या नवऱ्याला, देवानंदला मिळालं. तू भांडलीसही नाहीस. सगळ्याच फिरल्या म्हटल्यावर भांडणार कुणाशी?

आता खरं ऐक. पूर्वी बैठकीत सतरंजीवर गोल बसून हजेरीच्या वहीतलं एकेक नाव घ्यायचो, आणि जी बोलली नाही तिच्यासाठी सगळ्या थांबायचो. इंदूबाईचं तोंड उघडेपर्यंत चहा निवायचा, तरी थांबायचो. मग वर्षाली अध्यक्ष झाली आणि हे अ‍ॅप आलं. घरबसल्या निर्णय, म्हणे. प्रस्ताव वाचायचा, सहमत किंवा असहमत दाबायचं, झालं. आपण माना डोलावल्या. दिवसभर आपण वावरात आणि फोन घरी नवऱ्याजवळ, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

परवा इंदूबाईच्या सुनेने, प्रतीक्षाने, मतांच्या वेळा काढून दाखवल्या. सकाळी दहाच्या सुमारास, ओळीने, अकरा मिनिटांत पंधरा मतं. त्या वेळी आम्ही भेंडी तोडत होतो. देवानंदने नवऱ्यांना टपरीवर बोलावलं, कचोरी खाऊ घातली आणि बटणं दाबून घेतली. नाव बायकांच्या गटाचं आणि अंगठे बाप्यांचे. शी! कचोरीवर विकले गेले सगळे. इंदूबाई वर्षालीच्या दारात जाऊन म्हणाली, “मी तं भेंडी तोडून राहिली होती, मंग मी कवा दाबलं?” मग प्रत्येकीने आपापल्या नवऱ्याचा उद्धार केला. मीही केला. यांना बोलावून चारचौघींत वाटेल ते बोलले.

येत्या शुक्रवारी सतरंजीवर फेरबैठक आहे. तुला निरोप येईलच, आणि तुझं काम तुला परत मिळेल असं दिसतंय. आलीस की आधी माझ्याच गळ्यात पडशील, म्हणून त्याआधी हे लिहितेय. पार्बता, टपरीवर न गेलेला एकच नवरा होता, तो माझा. “फोन तिचा हाय, तिलेच विचारा,” म्हणून देवानंदला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. माझं सहमत मी आदल्या दिवशी स्वतः दाबलं, दोनदा वाचून. त्या पंधरांत मी नव्हतेच; वर्षालीसारखीच माझीही वेळ त्या यादीत वेगळी दिसत होती, गोंधळात कुणी पाहिली नाही. दिवाळीत तू माझी मेथी वजन वाढवायला पाणी मारलेली म्हणून सगळ्यांसमोर बाजूला काढलीस, ते मनात सलत होतं. मेथीला पाणी मारलेलं होतंच. मोबाईलची किळस येते म्हणते खरी, पण मला माझीच येते. शुक्रवारी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. यांना चारचौघींत बोलले त्या दिवसापासून हे माझ्या हातचं जेवतात, वावरात जातात. पण मी खोटं काहून बोलले, एवढंही अजून विचारलेलं नाही.

तुझीच म्हणायला जीभ धजत नाही,
साधना