आवाज कमी करायचं बटण

अमरावती, मंगळवार, १४ ऑक्टोबर

शाळा झाली, पेपर तपासले, घरी आले. चहा टाकला तोच फोन वाजला. स्क्रीनवर ह्यांचं नाव.

अकोल्याहून दीर बोलत होते. "वैनी, आवाज कमी कराले गेलो तं तुमालेच फोन लागते. भाऊनं हे काय करून ठेवलं?"

ह्यांच्या तेराव्याला सासूबाई म्हणाल्या, भावाची वस्तू भावाकडेच जावी. मला कोणी विचारलं नाही. फोन सिमसकट गेला.

ह्यांनी त्यातलं मूळचं अँड्रॉइड काढून दुसरं टाकलं होतं. त्यात बटणांची कामं बदलता येतात. अर्धांगवायूनंतर बोट स्क्रीनवर नेमकं पडेना, तेव्हा डाव्या हाताने, बसून बसून, स्वतःच बदललं. आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की मला फोन. ह्यांना बोलता यायचं नाही. मी श्वास ऐकायचे आणि त्यांच्या खोलीत जायचे.

दीर हसत होते. "भाऊ गेला, पण त्याच्या करामती काई गेल्या नाई. दुकानात नेऊन सगळं पुसूनच आणतो."

सगळं म्हणजे ह्यांचे फोटोही. म्हणून मीच सांगितलं. सेटिंग, मग बटणं, मग आवाज कमी, दाबून धरल्यावर, तिथे 'काहीच नाही' निवडा.

"झालं. आता दाबून पाहतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी का सांगितलं? आजचा दिवस तरी ते बटण तसंच राहू द्यायचं होतं. बराच वेळ बसून राहिले. फोन वाजला नाही.

मग एक भाकरी थापली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली.