नाचो माझ्या मार्गदर्शनाखाली

रविवार, २६ फेब्रुवारी २००६. कॉव्हेंट्री.

नाचो आजपासून आमच्याकडे राहायला आला. पूर्ण नाव इग्नासिओ पेराल्ता. वय तेहेतीस. मूळचा स्पेनमधल्या कुठल्याशा गावचा, धंद्याने टूरिंग कारचा ड्रायव्हर. टूरिंग कार बाहेरून आपल्या ड्राइव्हवेतल्या गाडीसारखीच दिसते, आतून मात्र सीट, कार्पेट, रेडिओ सगळं उपटून काढलेलं असतं. स्पेनमध्ये त्याची चॅम्पियनशिप दोनदा थोडक्यात हुकली, मग टीमच बंद पडली. आता इथल्या एका छोट्या टीमने वर्षासाठी घेतलंय. वर्षात एकदा तरी पहिल्या तिघांत आला तर ठीक, नाहीतर घरी परत.

मी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये भूल देतो आणि काही वीकेंडना सर्किटवर ड्युटी डॉक्टर असतो. तिथेच ओळख झाली. आमची मुलगी ईरा शिकायला मँचेस्टरला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. यमुनाने विचारलं, "अहो, लॉजर ठेवताय की दत्तक घेताय?"

संध्याकाळी यमुनाने वांग्याची भाजी वाढली. आणखी हवी का, असं मी विचारल्यावर नाचो तोंड भरून म्हणाला, "सी, सी!" तिने "शी, शी" ऐकलं आणि ताट उचलायलाच निघाली. स्पॅनिशमध्ये तो होकार असतो, हे मी समजावलं. दोन संस्कृतींमध्ये माझ्यासारखा माणूस लागतो तो असा.

ठरलं. या मुलाचं करिअर मी हातात घेतो. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, सी, सी.

मंगळवार, १४ मार्च.

सकाळी प्राणायाम. नाचो झोपला होता, म्हणून मी एकट्याने केला. सुरुवात तर झाली.

संध्याकाळी त्याला सुपरमार्केटला नेलं आणि ब्रेक किती अलगद लावता येतो याचं प्रात्यक्षिक दिलं. नाचो दाराचं हँडल घट्ट धरून समोर बघत होता. इतकी एकाग्रता मी हॉस्पिटलमधल्या आमच्या शिकाऊ डॉक्टरांतसुद्धा पाहिलेली नाही.

परत येताना मात्र चालत येतो म्हणाला. पाऊस होता. फिटनेसचं महत्त्व पटलेलं दिसतं.

रविवार, ९ एप्रिल.

पहिली रेस. माझी स्ट्रॅटेजी साधी होती: सुरुवातीला घाई नको. बाकीच्यांना एकमेकांना धडकू दे, दमू दे, मग आपण शांतपणे पुढे जायचं. ऑपरेशन थिएटरमध्येही मी हेच करतो. नाचो सभ्य माणूस, त्याने ऐकलं. नववा सुटला, सोळावा आला. बाकीचे दमलेच नाहीत.

टीमचा मालक टेरी फार ओरडला. "स्टार्टला झोपायचं तुला कोणी शिकवलं?" म्हणून विचारत होता. नाचो आभाळाकडे बघत राहिला. माझं नाव त्याने घेतलं नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

गाडीवर एक ओरखडा नाही, हे कोणीच लक्षात घेत नाही.

रविवार, १४ मे. ऑल्टन पार्क.

हे सर्किट मँचेस्टरहून जवळ, म्हणून ईरा मैत्रिणींना घेऊन आली होती. आज मी ड्युटीवर नव्हतो. टीमच्या गराजमध्ये मागे उभा राहायला टेरीने परवानगी दिली होती. तिथे एक हेडफोन रिकामा पडला होता, तो घातला. त्याचं बटन दाबलं की आपला आवाज थेट ड्रायव्हरच्या कानात जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नाचो सातवा होता. छान चालला होता. स्क्रीनवर एक निळी गाडी त्याच्या उजवीकडून घुसताना दिसली आणि मी ओरडलो, "अरे डावीकडे! डावीकडे घे!"

त्याला मराठी येत नाही. पण भर वेगात कानात कोणी असं किंचाळलं की माणूस दचकणारच. गाडी डावीकडेच गेली, हे नमूद करतो. ट्रॅकच्या कडेच्या खडीत जाऊन रुतली.

ईरा म्हणाली, "बाबा, माझा सगळा लाज गेला." लाज स्त्रीलिंगी आहे, असं मी तिला सांगितलं. ती निघून गेली.

सोमवार, १५ मे.

टेरीचा निरोप: डॉक्टरांनी यापुढे गराजमध्ये पाऊल टाकायचं नाही.

हरकत नाही. गराजमधून ट्रॅक दिसतोच कुठे? खरा स्ट्रॅटेजिस्ट लांबूनच बघतो. नाचोला मी म्हटलं, याला माझी बढती समज. तो बराच वेळ यमुनाशी किचनमध्ये बोलत होता. मी गेल्यावर दोघंही कांद्याबद्दल बोलू लागली.

रविवार, ४ जून.

मी ऑन कॉल होतो. यमुना डबा घेऊन रेसला गेली होती. नाचो पाचवा आला!

मी त्याला ज्या सवयी लावल्या त्यांना रुजायला वेळ लागणारच होता. यमुनाला विचारलं, त्याला काही सांगितलंस का? म्हणाली, "सांगितलं की, पोट भरून जेव."

रविवार, २५ जून.

पुन्हा पाचवा. यमुनाला गराजमध्ये खुर्ची दिलीय. मला बंदी, आणि ती त्या खुर्चीत बसून सगळ्यांना थेपले वाटते आहे. टेरीनेही खाल्ले म्हणे. मी गवताच्या चढावर उभा होतो. सर्वांगीण दृश्य दिसलं. रेस त्यातल्या त्यात कमी दिसली.

रविवार, ३० जुलै.

आज थोडक्यात लिहितो.

मी ड्युटीवर होतो, मेडिकल कारमध्ये. आजच्या दुसऱ्या रेसमध्ये नाचो चौथा होता. तिसऱ्यावर चढाई करताना चाकाला चाक लागलं, गाडी उडाली आणि उलटी होऊन घसरत गेली. आम्ही पोचलो तेव्हा चाकं अजून फिरत होती. तो पट्ट्यांत उलटा लटकलेला. मी आडवा होऊन आत शिरलो आणि त्याची मान धरली. "हलू नकोस, मी आहे," असं म्हणालो. मराठीतच म्हणालो, दुसरं काही सुचलंच नाही. तो हलला नाही.

हातपाय हलतात का बघितलं. हलतात. श्वास नीट. त्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. मी म्हटलं, गाडी मस्त आहे. गाडीचं छप्पर माझ्या पाठीखाली होतं.

मनगटातलं लहान हाड मोडलंय. बाकी वाचला. घरी येऊन यमुनाने त्याला हाताने वरणभात भरवला. तो रडला, ती रडली. मला कांदा चिरायचा होता.

शनिवार, १९ ऑगस्ट.

उद्या रेस. नाचो काल प्लॅस्टर काढून आला, कोणाकडून ते सांगत नाही. टेरीने सांगितलंय, उद्या नाचो नसेल तर दुसरा ड्रायव्हर बसवणार, आणि तो चांगला चालला तर उरलेला सीझन त्याचाच. रेसआधी डॉक्टरने फिट म्हणायला लागतं. आज ड्युटीला डॉक्टर कोण? मी.

सर्किटच्या मेडिकल सेंटरमध्ये दार लावून तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही माझे मॅनेजर आहात ना?" हे वाक्य ऐकण्यासाठी मी फेब्रुवारीपासून थांबलो होतो.

मी माझी दोन बोटं पुढे केली. म्हटलं, दाब. त्याने दात आवळून दाबलं. माझ्या आईने तिच्या शेवटच्या आजारात याहून जोरात दाबलं असतं. घाम मात्र त्याच्या कपाळावर आला.

मी नाही म्हटलं. ट्रॅकवर आणखी एकोणतीस ड्रायव्हर आहेत आणि हा स्टिअरिंग सोडून बसला तर पहिला फोन मलाच येणार, असं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला रेसिंगमधलं काही म्हणजे काही कळत नाही." मी म्हटलं, "मनगटातलं कळतं."

स्पॅनिशमध्ये पुढे बरंच काही म्हणाला. त्यात एकदाही सी नव्हतं.

टेरी येऊन ओरडला. त्यालाही नाही म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. गराजबंदी आहे, मेडिकल सेंटरबंदी अजून कोणी केलेली नाही.

रविवार, २० ऑगस्ट.

दुसरा ड्रायव्हर अकरावा आला. नाचो बॅग घेऊन टीममधल्या एकाकडे राहायला गेला. यमुनाने सवयीने तीन ताटं मांडली. मी म्हटलं, उद्या पुन्हा विचारलंस तरी नाहीच म्हणेन. ती म्हणाली, "मी कुठे विचारलं? बरोबर केलंत. पण खोली रिकामी झाली ना."

मॅनेजर म्हणून माझी कारकीर्द बहुधा इथे संपते. टेबलावर ठोकून सांगतो, मला पश्चात्ताप नाही. टेबल ठोकताना आमटी सांडली.

बुधवार, ६ सप्टेंबर.

नाचो परत आला. टीमवाल्याकडे रोज बेक्ड बीन्स खातात म्हणे. माझ्याशी हवेबद्दल बोलला. उघडपणे समेटाची बोलणी आहेत. आत्ताच स्ट्रॅटेजी मांडली तर घाई होईल. उद्या मांडतो.

गुरुवार, ७ सप्टेंबर.

मांडली. तो व्यायामाला गेला. एवढ्या पावसात.

रविवार, १७ सप्टेंबर. सिल्व्हरस्टोन.

मनगट या वेळी दुसऱ्या डॉक्टरने तपासलं आणि फिट म्हटलं. यमुना पहाटेच टीमच्या व्हॅनमधून गेली. मी मागून निघालो. मोटरवेला गर्दी असणार म्हणून खेड्यांतून जाणारा माझा खास रस्ता घेतला. तो रस्ता आणखी पुष्कळ लोकांना माहीत आहे.

कार पार्कच्या रांगेत असताना लांबून लाउडस्पीकरचा आवाज आला. पेराल्ता, पेराल्ता, असं काहीतरी. मग आरडाओरडा. काच खाली करून शेजारच्या गाडीतल्या माणसाला विचारलं. त्याने रेडिओ लावला होता. म्हणाला, "तो स्पॅनियार्ड तिसरा आला." मी बाहेर उतरून टाळ्या वाजवल्या. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

घरी टीव्हीवर पाहिलं. पोडियमवर नाचो, शॅम्पेनने भिजलेला. मुलाखतीत म्हणाला, हे यश यमुनासाठी. मे महिन्यात मी फार गोंधळलो होतो, तेव्हा तिने सांगितलं, 'माझे पतीही मला एकोणतीस वर्षं गाडी कशी चालवायची ते सांगताहेत. मी मान डोलावते आणि मला हवं तिथे वळते.' "आणि डॉक्टर श्रीकांत," तो पुढे म्हणाला, आणि मुलाखतकाराने टायरबद्दल विचारलं.

मी यमुनाकडे बघितलं. ती रिमोट शोधत होती. तो तिच्या हातातच होता.

शनिवार, १४ ऑक्टोबर.

नाचोला पुढच्या वर्षासाठी स्पेनमधल्या चांगल्या टीमने घेतलंय. अपेक्षितच होतं. अशा वेळी ड्रायव्हरला जवळचा, भरवशाचा माणूस लागतो. मी स्पॅनिशची सीडी आणली आहे. धडा एक: विमानतळावर. हॉस्पिटलमध्ये अर्धवेळ काम करण्याविषयी सहज चौकशीही केली. यमुनाला इतक्यात काही बोललो नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर.

नाचोला बर्मिंगहॅम एअरपोर्टला सोडून आलो. गाडी यमुनाने चालवली, तशी नाचोची विनंती होती. मी मागे, त्याची हेल्मेटची बॅग मांडीवर घेऊन.

आत जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, एक महत्त्वाचं विचारायचं होतं. फार दिवस मनात आहे, धीर होत नव्हता." मी म्हटलं, "विचार, संकोच करू नकोस." सीडीवरचं उत्तर जिभेवर तयार होतं.

म्हणाला, पहिली रेस त्याच्या गावाजवळ आहे. त्याच्या आईला यमुनाला भेटायचंय. पंधरा दिवस पाठवाल का? मग माझा दंड धरून, बऱ्या झालेल्या हाताने घट्ट दाबून म्हणाला, "तुम्हीसुद्धा या. तुम्हाला रजा मिळाली तर."

मी म्हटलं, बघतो. ऑपरेशनच्या याद्या असतात, एकदम सांगता येत नाही.

रजा भरपूर शिल्लक आहे. पण हे मी त्याला कशाला सांगू?